ढगे साहेबांचं आपोआप तेल पिणारं बेअरिंग

ढगे साहेबांची एकसष्टी आहे म्हणे. परवा संगमनेरहून एका उत्साही गृहस्थांचा फोन आला. "तुम्ही त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढलीत. गौरव अंकासाठी दोन पानं लिहा. त्यांच्या संशोधक वृत्तीवर लिहा. त्या बेअरिंगवर तर लिहाच!" मी म्हटलं, लिहितो की. त्या बेअरिंगवर मी बसल्या बैठकीला वही भरीन. हे अंकात छापणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे, पण मागितलंत ना, मग घ्या.

मी टर्नर. आमच्या तालुक्यातल्या एका दूध संघाचा पशुखाद्याचा कारखाना आहे, त्याच्या वर्कशॉपात मी लेथवर होतो. ढगे साहेब आमचे मेंटेनन्सचे मुख्य. मी त्यांना अजूनही अहोजाहो करतो, ती जिभेची सवय. मनातून एकदाही केलेलं नाही.

साहेब रोज पांढराशुभ्र शर्ट घालून यायचे. पशुखाद्याच्या कारखान्यात! जिथं पेंडीची धूळ आणि मळीचा चिकटा माणसाच्या पापण्यांवर बसतो, तिथं हा माणूस संध्याकाळी जसाच्या तसा घरी जायचा. यावरून काय ते ओळखा. वर्कशॉपात आले की आधी खिशातला रुमाल काढून स्टुलावर अंथरायचे, मग बसायचे, मग अक्कल पाजळायला सुरुवात. त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. आपण काही विचारलं की, "हे तुमच्या डोक्यावरून जाईल." आणि आपण त्यांची चूक दाखवली की, "तेच म्हणतोय मी." दुसरं वाक्य फार कामाचं होतं. तुम्ही घसा फोडून सांगा की साहेब, हा बोल्ट छोटा पडतोय, मोठा लागेल. ते डोळे मिटून ऐकणार, आणि म्हणणार, "तेच म्हणतोय मी, मोठा लावा." दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये तो मोठा बोल्ट ढगे साहेबांच्या डोक्यातून निघालेला असायचा.

माणसांची नावं त्यांना लागत नसत. मी "टर्नर", वेल्डिंगवाला "वेल्डर". योसेफ साळवेला तर ते नुसतं "ऑइल" म्हणायचे. "ए ऑइल, इकडे ये." योसेफमामा वयानं त्यांच्याहून मोठा, चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंज्या अंथरणारा, कुणाला कधी दुखावून न बोलणारा माणूस. तो यायचा. "काय साहेब?" म्हणायचा. मला मात्र अंगाची लाही व्हायची.

योसेफमामा कारखान्याचा तेलवाला, कागदावर ऑइलमन. त्याचं खरं काम होतं चार मिक्सरपाशी. हे मिक्सर म्हणजे दोन पुरुष उंचीची पत्र्याची नरसाळी. मधोमध एक उभा शाफ्ट, त्याला मळसूत्रासारखं पातं. शाफ्ट फिरला की मका, सरकीची पेंड, भुसा खालून वर उचलला जातो आणि कडेनं परत खाली पडतो, असं सगळं कालवलं जातं. शाफ्टचं वरचं टोक मोटारीकडे, खालचं टोक एका पितळी बुशमध्ये, म्हणजे जाड कडीसारख्या नळकांड्यात. त्या खालच्या बुशचे हाल कुत्रा खात नाही. वरून धूळ, बाजूनं मळी, आणि दिवसभर फिरणं. बाजारातली गोळ्यांची बेअरिंगं लावून पाहिली होती, ती काही महिन्यांत खडखडायला लागायची. म्हणून जुन्या लोकांनी साधं बुशच ठेवलं होतं आणि त्याला दर दोन तासांनी तेल घालायला माणूस. योसेफमामा हात लावून सांगायचा, "तीन नंबर जरा तापलाय अण्णा, बघून घ्या." मी मापून बघायचो, तर खरंच केसभर झीज असायची.

एक दिवस साहेबांनी कुठल्याशा परदेशी कॅटलॉगमध्ये चित्र पाहिलं आणि त्यांना संशोधन सुचलं. उभ्या शाफ्टसाठी आपोआप तेल घेणारं आणि झिजलं तर घट्ट करता येणारं बेअरिंग. कल्पना वाईट नव्हती, मी खोटं बोलणार नाही. बुशच्या खाली तेलाची वाटी. बुशच्या आतल्या अंगाला गोल गोल चढत जाणारी खाच. शाफ्ट फिरला की तोच तेलाला ओढतो, आणि तेल खाचेतून वर चढतं. बुशला बाहेरून उतार आणि एक उभी चीर, त्यावर मोठा नट. झीज झाली की नट पिळायचा, बुश आवळलं जातं. हा नटाचा भाग शेवटपर्यंत उत्तम चालला. तो मी माझ्या डोक्यानं केला होता.

खाचेचं मात्र तसं झालं नाही. आता हे नीट ऐका, कारण सगळं रामायण इथंच घडलं. खाच शाफ्ट फिरतो त्या बाजूनं चढत गेली पाहिजे. उलट्या बाजूनं कापली तर शाफ्ट तेलाला वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलणार. म्हणजे शाफ्ट कुठल्या बाजूनं फिरतो एवढंच बघायचं होतं. त्यासाठी वरच्या माचावर चढून मोटारीपाशी उभं राहायचं. पण माचावर धूळ! साहेब चढले नाहीत. त्यांनी खाली रुमाल टाकला, एक गुडघा टेकला, मान वाकडी करून शाफ्टचं खालचं टोक पाहिलं, आणि हवेत बोट फिरवून म्हणाले, "डावीकडे." मग ऑफिसात जाऊन ड्रॉइंग काढलं, वरून पाहिल्यासारखं, आणि त्यावर बाण टाकला, डावीकडे.

ड्रॉइंग माझ्या हातात आलं. मी बघितलं आणि म्हटलं, "साहेब, बाण उलटा पडलाय. वरून पाहिलं तर शाफ्ट घड्याळासारखा फिरतो."

"मी स्वतः खाली वाकून पाहिलंय."

"खालून पाहिलंत ना, म्हणून तसं दिसलं. घड्याळ पाठीमागून बघितलं तर काटे उलटेच फिरणार की."

साहेबांनी डोळे मिटले. "तेच म्हणतोय मी," म्हणाले. मला हायसं वाटलं. मग डोळे उघडून म्हणाले, "ड्रॉइंगप्रमाणे कापा. बाकीचं तुमच्या डोक्यावरून जाईल."

मी कापलं. टर्नरनं ड्रॉइंगप्रमाणे कापायचं असतं. चार बुश, चारही उलटी.

साहेबांना उद्‌घाटनाची घाई होती. चेअरमनना वेळ मिळाला तो खंडेनवमीचा. खंडेनवमीला कारखान्यात काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. हत्यारं धुऊनपुसून मांडतात, यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात. त्या दिवशी एकही यंत्र फिरत नाही. माझ्या लेथवरसुद्धा त्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स असतो. तर अशा दिवशी, बंद यंत्रासमोर, साहेबांनी चेअरमन आणि सगळे संचालक उभे केले. नारळ फुटला. त्याचं पाणी नेमकं तेलाच्या वाटीत उडालं ते मी नंतर पुसलं. साहेबांचं पाऊण तास भाषण झालं. मग चेअरमननी विचारलं, "ढगे, जुन्या बेअरिंगचा आवाज लई यायचा. याचा किती येतो?"

साहेबांनी माझ्या बाकावरचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलला. आमच्यात अशी पद्धत आहे, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतला आवाज नीट ऐकू येतो. साहेबांनी टोक बेअरिंगवर ठेवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग स्क्रूड्रायव्हर चेअरमनच्या हातात दिला. "ऐका साहेब. काही आवाज येतो?"

चेअरमननी कान लावला. "छे! अजिबात नाही!"

"बघा!"

टाळ्या पडल्या हो! मिक्सर बंद होता. मोटारीवर झेंडूची माळ लोंबत होती. शपथेवर सांगतो, त्या घोळक्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की बंद यंत्रातून आवाज कुठून येणार. योसेफमामानं माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

दसरा झाला, मिक्सर सुरू झाले. दुपारपर्यंत चारही बुश इतकी तापली की त्यांवर भाकरी भाजावी. खाच तेलाला इमानदारीत खाली ढकलत होती. योसेफमामा पळत आला, "अण्णा, वास सुटलाय जळका!" मी साहेबांना म्हटलं, "चार बुश नवीन कापतो, खाच उलटून. उद्या संध्याकाळपर्यंत देतो. कुणाला कळणारसुद्धा नाही." माझ्याकडून अजून काय हवं होतं त्यांना?

पण ते ड्रॉइंग तोवर फ्रेम करून चेअरमनच्या केबिनमध्ये टांगलं होतं. खाली नाव होतं, सही होती, बाण होता. बुश बदललं की ड्रॉइंग बदलावं लागणार, ड्रॉइंग बदललं की चुकलं म्हणावं लागणार. साहेबांनी योसेफमामाला हाक मारली. "ए ऑइल. मागच्या बाजूनं एक तांब्याची नळी बसव. पत्र्याच्या आडून. आणि दर दोन तासांनी तेल घालत जा. हे तात्पुरतं आहे. आपल्या तिघांत राहू दे."

म्हणजे आता बघा. आपोआप तेल घेणाऱ्या बेअरिंगला योसेफमामा पूर्वीसारखाच हातानं तेल घालणार, फक्त लपून. पूर्वी सरळ उभ्यानं घालायचा, आता पत्र्यामागं अंग चोरून, गुडघ्यावर बसून घालायचा. मी म्हटलं, "मामा, कशाला करता?" तर म्हणाला, "यंत्राचा काय दोष हाय अण्णा? त्याला तर तेल लागतंच ना."

एकवीस दिवसांची चाचणी झाली. रजिस्टर ठेवलं होतं. रोज लिहायचं, तापमान ठीक, झीज नाही, बाहेरून तेल दिले नाही. खाली साहेबांची सही आणि साक्षीदार म्हणून माझी. होय, माझी. एकवीस वेळा. साहेबांना नावं ठेवताना ही गोष्ट दडवली तर मी त्यांच्याच पंगतीला बसलो. मला वाटलं होतं, साहेबांची हौस आहे, फिटेल आणि विसरतील. कुणाचं काय बिघडतंय?

बिघडलं ते उन्हाळ्यात. साहेबांनी त्या बेअरिंगवर नाशिकला कुठल्या परिषदेत निबंध वाचला, ढाल आणली, ढाल मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. मॅनेजर हिशेबी माणूस. त्यानं निबंध वाचला, रजिस्टर मागवलं आणि साहेबांना साधा प्रश्न केला. "तेल लागतच नाही, मग ऑइलमन कशाला?"

त्या वेळी केबिनमध्ये मी होतो, रजिस्टर घेऊन मीच गेलो होतो. साहेबांनी खाली बघितलं. खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी बोलेल हा माणूस. योसेफमामाची नोकरी दोन वर्षं उरली होती. ती पुरी झाली असती तर म्हातारा-म्हातारीचं नीट भागलं असतं, मध्येच सुटली तर हातात फार थोडं येणार होतं. हे साहेबांना माहीत होतं, कारण मामानं आदल्याच महिन्यात निवृत्तीच्या पैशांचा अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घेतला होता. साहेब मॅनेजरला म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

बेअरिंग खरोखर चाललं असतं आणि त्यात मामाची नोकरी गेली असती, तर मी हळहळलो असतो आणि गप्प बसलो असतो. यंत्रं आली की कामं जातात, आम्ही ते जन्मभर बघितलं आहे. पण इथं यंत्रानं काहीच काम घेतलं नव्हतं. मामाचं काम मामाच करत होता, आणि ते काम आता उरलं नाही म्हणून मामाला काढत होते! मी युनियनच्या सेक्रेटरीकडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रजिस्टरवर तुझीच सही आहे ना रे?" मी मूग गिळून परत आलो. माझी नोकरी अजून चार वर्षं होती. एवढंच कारण, दुसरं नाही.

निरोप समारंभ झाला. शाल, नारळ. साहेब बोलायला उभे राहिले, पांढऱ्या शर्टात. म्हणाले, "आज आपली यंत्रं स्वावलंबी झाली आहेत. आता आपले जोसेफही स्वावलंबी होतील, अशी मी आशा करतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं, तेही चुकीचं. लोक हसले, साहेबांना वाटलं विनोद जमला. योसेफमामानं हात जोडले आणि शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता साहेब माझ्या लेथपाशी. "टर्नर, जरा ते मागचं बघून घ्याल का? नळीचं."

"कसली नळी, साहेब?"

"अहो, ती..."

"मी तर एकवीस दिवस सही केलीय, साहेब. बाहेरून तेल दिले नाही. आता मी तेल कसं घालू?"

जन्मात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. साहेबांचा चेहरा पडला. खाच उलटून द्या, असं ते तेव्हा हळूच म्हणाले असते तरी मी नाही म्हणालो नसतो. पण ते तसंच निघून गेले. आणि त्या दिवसापासून ढगे साहेब स्वतः तेल घालायला लागले. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत तेलाची बुधली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दर दोन तासांनी पिशवी घेऊन मिक्सरकडे जायचे, इकडेतिकडे बघायचे आणि पत्र्यामागं शिरायचे. मॅनेजर सगळ्यांना सांगायचा, "बघा, या वयात चारही मिक्सर स्वतः फिरून तपासतात. नाहीतर तुम्ही!"

मला हे सगळं योसेफमामाला सांगायचं होतं. कधी एकदा सांगतो असं झालं होतं. मामा बायपासजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या गेटवर वॉचमन लागला होता, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, अंगावर दुसऱ्याच्या मापाचा निळा शर्ट. मला बघून उठला. "या अण्णा! तीन नंबर कसा हाय? तापत न्हाई ना?"

मी मिटक्या मारत सगळं सांगितलं. पिशवी, बुधली, पत्र्यामागं शिरणं. मला वाटलं मामा पोट धरून हसेल. तो हसलाच नाही.

"त्यांना गुडघ्याचा तरास हाय, अण्णा. लई वर्सांचा. तिथं वाकायचं म्हंजी... ती नळी मी माझ्या बेतानं खाली लावलीय हो. तुमी वितभर वर उचलून द्या. बसायला न्हाई लागनार."

"मामा, त्यानं तुमची नोकरी खाल्ली!"

"व्हय, खाल्ली. मी कुटं न्हाई म्हंतोय?" एका गाडीनं हॉर्न दिला, मामानं जाऊन गेट उघडलं, सलाम केला आणि परत आला. "घरी ती रोज रडती. मलाबी लई राग येतो. पर गुडघा तो गुडघाच की. चा घेता ना?"

चहा घेऊन मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी सरळ तीन नंबरच्या मिक्सरमागं गेलो. साहेब तिथंच होते. रुमाल आज अंथरला नव्हता. एक हात पत्र्याला धरून ते गुडघ्यावर बसले होते, पाठीवर पेंडीची धूळ, कोपराला मळी, नळीत तेल ओतत होते आणि तेल आत जात नव्हतं, बाहेर सांडत होतं. मला बघून उठायला गेले, उठता येईना.

मी शेजारी बसलो. म्हटलं, "साहेब, मॅनेजरला फक्त दोन ओळी लिहून द्या. या बेअरिंगला हातानं तेल लागतं, माणूस हवा. बाकी काही लिहू नका. खाचेचं नाही, बाणाचं नाही. रजिस्टरवरच्या माझ्या सह्या खोट्या होत्या हे मी माझ्या तोंडानं सांगतो, मला काढायचं तर काढू देत. योसेफमामा उद्या सकाळी कामावर येईल. तुम्हाला पुन्हा इथं बसायला लागणार नाही."

साहेब डोक्यावरून जाईल म्हणाले नाहीत, तेच म्हणतोय मी म्हणाले नाहीत. कपाळावर घाम होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मला पहिल्यांदाच दिसलं की या माणसाला सगळं कळतं. बाण उलटा आहे हे कळतं, मामाचं काय झालं हे कळतं, सगळं. त्यांनी हळूच खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. मी माझ्या खिशात कागद शोधायला लागलो.

साहेब वाकले, पेनचं टोक नळीच्या तोंडात घातलं, आत अडकलेली पेंड उकरून काढली, आणि बुधली उचलून परत तेल ओतायला लागले. या वेळी ते सुरळीत आत गेलं.